आपोआप रिकामा होणारा ड्रम

पाण्याला रंग नसतो, वास नसतो, चव नसते, असं शाळेत शिकवतात. जालना जिल्ह्यात हे कोणी मानत नाही. आमच्याकडे प्रत्येक विहिरीला स्वभाव असतो. एक गोड, एक मचूळ, एकीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, एकीचं पाणी म्हणे जावयाला पाजलं की तो मुक्काम वाढवतो. हे सगळं लोकांनी जिभेवर तपासून ठेवलेलं असतं, आणि मग मी बाटल्यांचा खोका घेऊन गाडीतून उतरते. निकाल लागून गेल्यावर परीक्षक यावा तशी.

मी पाणी तपासते. रसायनशास्त्राची पदवी घेतली तेव्हा वाटलं होतं, पांढरा कोट घालून थंड खोलीत काचेच्या नळ्या हलवायच्या. कोट मिळाला. थंड खोलीही मिळाली, पण ती यंत्रांसाठी. मी स्वतः बहुतेक दिवस भोकरदन-जाफराबादकडच्या रस्त्यांवर असते, विहिरींत डोकावत. लग्नकार्यात कोणी विचारलं की मी म्हणते, मी डोकावण्याचा पगार घेते.

नमुना घेणं ही खरं तर साधी गोष्ट आहे. बाटली त्याच पाण्यानं खळबळायची, भरायची, झाकण लावायचं, पाणी कुठलं ते वर लिहायचं. यात कला काही नाही. आमच्या लोकांनी ती आणली. फोटो काढायच्या आधी लेकराचं तोंड धुऊन पावडर लावावी, तसं लोक तपासायला द्यायचं पाणी आधी सजवतात. एका काकूंनी नमुन्याचं पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, उकळलं, निववलं आणि वर तुळशीची पानं टाकून माझ्या हातात दिलं. म्हणाल्या, "सरकारात जायचं म्हणल्यावर असंच कसं द्यावं?" एका गृहस्थानं शेजारच्या गावाहून नमुना भरून आणला, कारण स्वतःच्या गावच्या पाण्याची त्याला लाज वाटत होती. एका गावात मी येणार म्हणून सकाळीच विहिरीत एवढी ब्लीचिंग पावडर ओतली होती की काठावर उभी राहून माझ्या डोळ्यांना धारा लागल्या. बाजूची बाई दुसरीला म्हणाली, "बघ, म्याडमला गावाची दया आली."

हसा खुशाल. मीही हसते. पण हसून झाल्यावर हाताशी जे उरतं ते असं असतं: तुळशीच्या पाण्याचा अहवाल उत्तम येतो, आणि खरं पाणी ते गाव पीतच राहतं.

आणि लोकांच्या लेखी पाण्यात खराबी एकच, ती म्हणजे जंतू. जंतूंवर उपाय दोन. पावडर टाका नाहीतर उकळा. मिटला विषय. माझं अर्धं आयुष्य विषय मिटलेला नाही हे सांगण्यात गेलं. तुम्ही पिकाला युरिया देता. पीक त्यातला काही खातं. उरलेला पाण्यात विरघळतो, पावसाबरोबर उताराला लागतो, काळ्या रानाच्या भेगांतून खाली उतरतो. उताराला काय असतं? विहीर. तिथं तो नायट्रेट होऊन बसतो. नायट्रेट जिवंत नाही, त्यामुळे त्याला मारता येत नाही. तो दिसत नाही, त्याचा वास येत नाही, जिभेला कळत नाही. मोठा माणूस ते पाणी पिऊन ढेकर देतो आणि कामाला लागतो. पण बाटलीवरच्या तान्ह्या लेकराच्या पोटात ते गेलं की रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही, आणि लेकरू निळं पडायला लागतं. हे मी ग्रामसभांतून इतक्यांदा सांगितलं आहे की झोपेतही तालासुरात सांगेन. लोक ऐकतात, माना डोलवतात आणि शेवटी एक जण उठून विचारतो, "पण म्याडम, जंतू न्हाईत ना?"

तर आता दामूअण्णांची विहीर.

हसनाबादच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, मला तिथं अजून जावं लागतं. उन्हाळ्यात गावची विहीर आटली की ज्याच्या शेतात पाणी असेल त्याची विहीर सरकार गावासाठी ताब्यात घेतं. तिथून टँकर भरतात आणि गावाच्या टाकीत सोडतात. बरेच मालक कुरकुरतात. दामूअण्णांनी मात्र स्वतः जाऊन सांगितलं होतं की माझी घ्या. त्याबद्दल गावानं त्यांना शाल आणि नारळ दिला होता. त्या सत्काराचा फोटो त्यांच्या ओसरीत होता, आणि पाहुण्याची खुर्ची अशी ठेवलेली होती की बसल्यावर दुसरीकडे बघायचं म्हटलं तर मान अवघडावी. अण्णा साठीचे, पांढऱ्या भरघोस मिशांचे, बोलायला गोड आणि ऐकायला बहिरे. म्हणजे कान चांगले होते. फक्त दुसऱ्याचं ऐकायला ते वापरत नसत.

टँकरचं काम चालू होतं, पण अण्णांनी थोडी उन्हाळी मिरचीही लावली होती, ठिबकवर. विहिरीला पाणी भरपूर, तेव्हा कोणाची तक्रार नव्हती.

त्या विहिरीनं मला वेड लावलं. उन्हाळा लागताना घेतलेला नमुना चांगला आला. पुढच्या खेपेला त्याच विहिरीत नायट्रेट हद्दीच्या कितीतरी पलीकडे. घाबरून पुन्हा नमुना घेतला तर पुन्हा ठीक. त्यानंतरचा पुन्हा भयंकर. साहेबांनी मला बोलावून मायेनं विचारलं, "बाटल्या नीट धुता ना?" मला राग यायला हवा होता, आला, पण उत्तर कुठं होतं? पावसाळ्यात नायट्रेट चढलं तर मला समजतं, उतारावरून वाहून आलं. हा भर उन्हाळा होता. आभाळात ढग नाही, ओढ्यात धूळ. वाहून येणार कोण आणि कुठून?

अण्णांना मी अहवाल दाखवला तेव्हा ते समजुतीनं म्हणाले, "म्याडम, उन्हानं माणसं येडी होऊन राह्यली, मशीनचं काय घेऊन बसलात."

मी ठरवलं की आता स्वतः जाऊन दिवसभर त्या विहिरीवर बसायचं. एका सकाळी गाडी घेऊन निघाले आणि आधी अण्णांच्या घरी थांबले. घर शेतातच. दारात पाय ठेवला आणि मिरचीचा ठसका लागला. अण्णांच्या पत्नी, यशोदाकाकू, मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकत होत्या. मिरचीला त्या घरात तोटा नव्हता. आत खाटेवर त्यांची लेक शीतल बसली होती, बाळंतपणाला माहेरी आलेली, आणि तिच्या मांडीवर महिना-दीड महिन्याची पोर. पोर रडत नव्हती. मला आधी ते जाणवलं, मग तिचे ओठ दिसले. वांग्याच्या सालीसारखे.

काकूंनी सांगितलं ते असं. शीतलला दूध पुरत नव्हतं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्यानं डब्यातलं दूध सुरू केलं. थोड्या दिवसांनी पोरीचे ओठ, नखं काळवंडायला लागली. जालन्याला नेली. तिथल्या डॉक्टरांना हृदयाची शंका आली, तपासण्या केल्या, हृदय ठणठणीत निघालं. दवाखान्यात होती तोवर पोर सुधारली.

"तिथं गुलाबावाणी झाल्ती," काकू म्हणाल्या. "घरी आणली की पुन्हा तेच. म्हणजे हे डाक्टरचं काम न्हाई म्याडम. हे नजरेचं हाय."

"कोणाची नजर?"

काकूंनी तोंडानं नाव घेतलं नाही. बांधाकडे मान वळवली. बांधापलीकडे उत्तमरावांचं शेत. उत्तमराव हे अण्णांचे चुलतभाऊ. दोघांचं बोलणं बंद होऊन किती वर्षं झाली आणि का, हे दोघांनाही नीट सांगता येत नसे, पण बंद पाळण्यात दोघंही पक्के.

"दवाखान्यात पोरीला पाणी कुठलं देत होता?" मी विचारलं.

"बाटलीचं. नर्सबाईनं तसंच सांगितल्तं."

"आणि घरी?"

"घरचं. पण उकळून," काकू दुखावल्या. "आन नुसतं उकळून न्हाई. पातेलं काठोकाठ भरते आन अर्ध्यावर आणते. माझ्या मायनं मला असंच केल्तं. आटवल्याबिगर लेकराला पाणी द्यायचंच न्हाई आमच्यात."

चुलीच्या बाजूला ते पातेलं होतं. घासून लख्ख, वर स्वच्छ फडकं बांधलेलं. त्या घरात एवढ्या काळजीनं केलेली दुसरी वस्तू नसेल. पाणी उकळलं की वाफ होऊन जातं ते पाणी. नायट्रेट जागचं हलत नाही. अर्ध्यावर आणलं म्हणजे विष दुप्पट घट्ट केलं. विहीर जेव्हा ठीक असेल तेव्हाही त्या पातेल्यातलं पाणी तेवढं ठीक नव्हतं, आणि विहीर बिघडलेली असेल तेव्हा तर विचारायलाच नको. आजी रोज, न चुकता, मायेनं हे करत होती.

माझ्याकडे शेतावरच्या तपासणीची छोटी पेटी असते. नळीत पाणी घ्यायचं, पूड टाकायची, हलवायचं, थोडं थांबायचं. नायट्रेट असेल तर गुलाबी रंग येतो, जितकं जास्त तितका गडद. ग्रामसभेत मी ही नळी दोन बोटांत धरून उंच करते, उजेडाकडे नेते, मधेच थांबते, लोकांना श्वास रोखायला लावते. मला नाटकाची हौस आहे. त्या दिवशी मी नळी खालीच धरली होती. पिण्याच्या माठातलं पाणी चांगलंच गुलाबी झालं. पातेल्यातलं पाणी बीट चिरल्यासारखं.

तेवढ्यात अण्णा आत आले. त्यांनी दोन्ही नळ्या पाहिल्या आणि म्हणाले, "तुमची दवाईच लाल हाय."

मी माझ्या गाडीतल्या बाटलीचं पाणी तिसऱ्या नळीत घेतलं, तीच पूड टाकली. नळी पांढरीच राहिली. अण्णा ती बघत राहिले.

"हेच पाणी सारं गाव पितंय," ते म्हणाले. "गावात कोण निळं पडलं ते दाखवा मला."

"गावात बाटलीवरचं तान्हं लेकरू आज दुसरं कुठलं आहे, ते तुम्ही दाखवा."

त्यांनी बोटांवर घरं मोजली. नव्हतं. पण माणूस हुशार. "मंग नजर न्हाई कशावरून?"

 शीतल उठली, पोरीला दुपट्यात गुंडाळलं आणि म्हणाली, "अण्णा, नजर असू दे नाहीतर पाणी. मी हितं तिला आता एक थेंब देणार न्हाई. जालन्याला सोडा मला."

मी जालन्याच्या त्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावला आणि नायट्रेटचं सांगितलं. ते म्हणाले, "आत्ताच्या आत्ता घेऊन या, मी खाली उभा राहतो." माझ्या गाडीतून, ड्रायव्हरबरोबर, शीतल, पोर आणि काकू निघून गेल्या. गाडी वळणाआड गेली तेव्हा लक्षात आलं की मी आता परत कशानं जाणार ते माहीत नाही, आणि शेतात मी, दामूअण्णा आणि ती विहीर एवढेच उरलो आहोत.

आम्ही विहिरीजवळच्या लिंबाखाली बसलो. गप्प बसणं अण्णांना जमत नव्हतं. त्यांनी एकदा मोबाइल पाहिला, एकदा रस्ता. मग मनावरचं ओझं हलवायचं म्हणून असेल किंवा आपण अगदीच अडाणी नाही हे मला दाखवायचं म्हणून असेल, म्हणाले, "म्याडम, तुम्ही शिकेल हायेत. एक गंमत दाखवतो. लाइट जाऊ द्या फक्त."

लाइट जायला आमच्याकडे फार वाट बघावी लागत नाही.

विहिरीच्या काठावर एक निळा प्लास्टिकचा ड्रम होता. त्यात मिरचीला द्यायचं खत पाण्यात कालवलेलं. ड्रममधून एक बारीक नळी मोटरीच्या मोठ्या पाइपाला जोडलेली असते. मोटर चालू असली की पाइपातल्या पाण्याच्या ओढीनं खत त्यात खेचलं जातं आणि ठिबकनं झाडापर्यंत पोचतं. ठिबकवाले सगळे असंच करतात. यात गंमत काही नाही.

लाइट गेली. मोटरीची घरघर थांबली.

"आता बघा," अण्णा ड्रमजवळ जाऊन उभे राहिले, जादूगार टोपीजवळ उभा राहतो तसे. ड्रममधलं खत खाली खाली जात होतं. "लाइट न्हाई, मोटर बंद, तरी खत चाललं मिरचीला. बिलकुल आपोआप. माझं डोकं. आसपासचे लोक बघायला आल्ते. तो उत्तम तोंडानं बोलत न्हाई माझ्याशी, पण ड्रम बराबर माझ्यासारखाच बसवला त्यानं."

मी ड्रमकडे बघितलं. मग मिरचीकडे. मिरचीचं रान विहिरीपेक्षा चांगलं उंचावर होतं.

"अण्णा, मिरची वर की विहीर वर?"

"मिरची वर."

"मग मोटर बंद असताना खत चढ कसा चढलं?"

 मी वाकून विहिरीत उतरणाऱ्या पाइपाला कान लावला. आत गुळगुळ आवाज होता, खाली जाणारा. मी बाजूला झाले. अण्णांनी कान लावला. कोणी वाटेवरून बघितलं असतं तर पन्नाशीची एक बाई आणि साठीचा एक माणूस आळीपाळीनं पाइपाशी कानगोष्टी करताहेत, असं गावभर झालं असतं.

मोटरीच्या तोंडाशी एक वॉल असतो. तो पाणी वर जाऊ देतो, मागं येऊ देत नाही. पण मोटर जळाली आणि बाहेर काढायची झाली की हा वॉल पाइपातलं सगळं पाणी अडवून धरतो. तेवढं वजन ओढताना माणसांच्या कमरा जातात. म्हणून आमच्याकडे मोटर दुरुस्तीच्या पहिल्याच खेपेला वॉल काढून टाकायची रीत आहे. अण्णांनीही टाकला होता. आता लाइट गेली की पाइपातलं पाणी उलटं विहिरीत कोसळायचं, कोसळताना ड्रममधलं खत ओढून न्यायचं, आणि एकदा ओढ लागली की ड्रम रिकामा होईस्तोवर थांबायचं नाही. पावसानं उतारावरून जे आणायला चार महिने घेतले असते, ते अण्णांचा पाइप एका दुपारी विहिरीत आणून सोडत होता. लाइट कधी गेली त्यावर माझा नमुना चांगला यायचा की वाईट, ते ठरत होतं. माझ्या बाटल्या स्वच्छ होत्या. साहेबांना हे सांगताना मला झालेला आनंद मी लपवला नाही.

पण तो नंतरचा. तेव्हा मी बादलीनं विहिरीचं पाणी काढलं, नळीत घेतलं, पूड टाकली. आमच्या डोळ्यांसमोर ते गडद झालं. अण्णांनी या वेळी दवाईला दोष दिला नाही.

"म्हणजे ते मिरचीला कधीच गेलं न्हाई," ते म्हणाले. मग नळीकडे बघत, "मी लोकांना बोलावून बोलावून दाखवलं."

एकदम ते उठले आणि ड्रमला लाथ मारायला पाय उचलला. मी ड्रमला मिठी मारली. "अण्णा, इथं सांडला तर उरलेलंही विहिरीतच जाईल." पाय हवेत, मिठी ड्रमला, असे आम्ही थोडा वेळ होतो. मग त्यांनी पाय खाली घेतला आणि नळी उपसून काढली.

दुपारचा टँकर आला तो अण्णांनी स्वतः परत पाठवला. ड्रायव्हरला वाटलं, सरकारशी भांडण झालं. संध्याकाळी सरपंचांचा मला फोन. "म्याडम, गाव काय मोसंबीच्या रसावर जगवू का? एवढा उन्हाळा निघू द्या, मंग काय तपासायचं ते तपासा." मी दुसऱ्या विहिरीचं सुचवलं, ती लांब होती, टँकरच्या खेपा कमी झाल्या, आणि गावात पाणी कमी आलं ते माझ्यामुळे असं ठरलं. नायट्रेट कोणाला दिसत नव्हतं. मी दिसत होते.

पोर वाचली. डॉक्टरांनी वेळेत इंजेक्शन दिलं, रंग परतला. काकू तिला घेऊन आल्या तेव्हा पाण्याचे जार आधी उतरले आणि पोर नंतर. काकूंना मी पातेल्याबद्दल पुन्हा समजावून सांगायला गेले तर म्हणाल्या, "राहू द्या म्याडम, कळलं."  विहीर उपसली, पुन्हा भरू दिली, पुन्हा उपसली. मोटरीचे मिस्त्री रफिकभाई यांना बोलावून वॉल बसवला. ते कुरकुरले, "अण्णा, पुढच्या बारीला मोटर ओढायला मीच येणार. मेरी कमर का कुछ खयाल करो."

"तुझी कंबर माझ्या नातीपेक्षा मोठी न्हाई," अण्णा म्हणाले.

हे सगळं इथं संपायला हरकत नव्हती. पण तसेच ड्रम आसपासच्या बऱ्याच विहिरींवर होते, अण्णांच्याच डोक्यातून निघालेले. आणि उत्तमरावांची लेक बाळंतपणासाठी माहेरी आली होती. त्यांचं घर त्यांच्याच विहिरीचं पाणी पीत होतं.

मी ग्रामसभा घेतली. जीव ओतून केली. ड्रम आणला, पाइप आणला, नळ्या उंच धरल्या, थांबायच्या जागी थांबले. टाळ्या पडल्या. चहा झाला. वॉल एकाचाही बसला नाही. मग अण्णा स्वतः शेतोशेत फिरले. त्यांचं तर अजिबातच कोणी ऐकेना, कारण तेच आधी उलटं सांगून गेले होते. उत्तमरावांनी तिसऱ्याच्या तोंडून निरोप धाडला, "गेल्या साली म्हणत होता आपोआप जातं, औंदा म्हणतो आपोआप येतं. माझी मिरची चांगली आली, त्यानं पोटात दुखून राह्यलं त्याच्या."

अण्णा माझ्या ऑफिसात येऊन बसले आणि म्हणाले, "म्याडम, लोक ऐकतच न्हाईत हो." इतक्या वर्षांत हे वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचा योग मला पहिल्यांदाच आला. मी त्यांना चहा दिला. आम्ही बराच वेळ सगळ्या जिल्ह्याला नावं ठेवली. मला फार बरं वाटलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. उत्तमरावांच्या घरी लेकीच्या ओटीभरणाचा कार्यक्रम होता. भावकी म्हणून अण्णांना बोलावणं देणं भाग होतं, आणि ते येणार नाहीत हे गृहीत होतं. अण्णा गेले. धुतलेलं धोतर, टोपी, ओसरीत सगळ्यांच्या मधोमध बसले. रीतीप्रमाणे लेक पाण्याचा तांब्या घेऊन पुढं आली.

"न्हाई पोरी," अण्णा म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "तुझ्या घरचं पाणी मी घेणार न्हाई."

 मीही होते तिथं, लेकीनं बोलावलं म्हणून बायकांत बसलेली. आलेल्या माणसाला आधी पाणी विचारायचं आणि त्यानं घोटभर तरी घ्यायचं. आमच्याकडे वैऱ्याच्या घरीही हे मोडत नाहीत. पाणी नाकारणं म्हणजे काय, हे मला त्या ओसरीतल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. आम्ही बौद्ध. माझ्या आजीच्या हातचं पाणी गावानं कधी घेतलं नाही, आणि गावच्या पाणवठ्यावर तिला कधी हात लावू दिला नाही. हे हत्यार मी आयुष्यभर एकाच कामाला वापरलेलं ऐकत आले होते. ते कोणाला वाचवायला उचललेलं त्या दिवशी पाहिलं.  बाजूच्या बाईनं पाण्याचा पेला पुढं केला, तर मलाही मानच हलवावी लागली. माझी पेटी गाडीत होती आणि त्या विहिरीची मला खात्री नव्हती.

अण्णांनी मग ज्याच्या विहिरीवर ड्रम, त्याच्या घरी जायचं आणि तांब्या परत पाठवायचा, असा धडाकाच लावला. कोणी चिडले, कोणी भांडले, एकानं कुत्रं सोडलं. पण माझ्या साऱ्या नळ्यांनी जे झालं नाही ते अपमानानं व्हायला लागलं. म्हातारा आपल्या पाण्याला नावं ठेवतो काय, बघतोच त्याला, म्हणत एकेक जण वॉल बसवू लागला. रफिकभाई मला हसनाबादच्या बाजारात भेटले तर म्हणाले, "म्याडम, ये दामूअण्णा तो सीझन लगा दिये मेरा." कंबरेबद्दल बोलले नाहीत.

उत्तमराव सगळ्यांत शेवटी वळले. विहीर उपसून घेतली, वॉल बसवला आणि निरोप धाडला की पाणीवाल्या म्याडमला घेऊन ये आणि सगळ्यांसमोर तपास. आम्ही गेलो. लेकीला तोवर मुलगा झाला होता, आत पाळण्यात होता. मी ड्रम भरून मोटर चालू करायला लावली, मग बंद. ड्रममधलं खत जागच्या जागी राहिलं. मग विहिरीचं पाणी काढलं, नळीत घेतलं, पूड टाकली, आणि या वेळी मी नळी उंच धरली, उजेडाकडे नेली, हवं तेवढं थांबले. जेमतेम गुलाबी झाक आली, हद्दीच्या चांगली आत.

उत्तमरावांची लेक तांब्या घेऊन आली. ओसरीत दोघं भाऊ एका जाजमावर, हातभर अंतरानं, दोन दिशांना तोंडं करून बसले होते. अण्णांनी तांब्या घेतला, वर धरला आणि एका दमात सगळं पाणी प्यायले. मिशा पुसल्या. उत्तमराव बघत नव्हते, म्हणजे डोळ्यांच्या कोपऱ्यातून सगळं बघत होते.

अण्णांनी रिकामा तांब्या पोरीच्या हातात दिला.

"तुझ्या बापाला सांग," ते म्हणाले, "जरा जड लागतंय. पण लेकराला चालंल."